आत्मविश्वास आणि रिकामा बाक

(नगर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



पदवीच्या शेवटच्या वर्षाचा पहिला आठवडा मी अध्यापक या नात्याने अनेकदा पाहिला आहे. पहिल्या वर्षी भिंतीला खेटून बसणारी, हजेरी देतानाही आवाज चोरणारी मुले या आठवड्यात मान वर करून वर्गात येतात. ग्रंथालयात कोणते पुस्तक कोठे आहे हे त्यांना ठाऊक झालेले असते. कार्यालयात अर्ज अडला तर कारण विचारण्याची, अध्यापकाचे म्हणणे पटले नाही तर तसे सांगण्याची हिंमत त्यांच्या अंगी आलेली असते. तोच आत्मविश्वास आज तुमच्या चेहऱ्यांवर दिसतो आहे. त्याबद्दल तुमचे अभिनंदन करून मी खाली बसलो असतो. परंतु मी अर्थशास्त्राचा शिक्षक. कोणतीही वस्तू दिसली की तिचा उत्पादनखर्च कोणी सोसला, हे विचारण्याची आम्हांला खोड असते.

तुमच्या आईवडिलांनी तो सोसला, तुम्हीही सोसला. पण तेवढ्याने भागले असते काय? आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस उभा राहिला. त्या उसाचा लाभ शेतकऱ्याच्याच घरी राहावा म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखविला, आणि पुढे श्रीरामपूर, कोपरगाव येथे तिची महाविद्यालये निघाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना गरीब घरांतील मुलांना शुल्कमाफी मिळू लागली. त्याच्याही कितीतरी आधी सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण याच नगर शहरात मिस फरार यांच्याकडे घेतले होते. ज्याला तुम्ही 'माझा' आत्मविश्वास म्हणता, तो असा अनेक पिढ्यांच्या सार्वजनिक भांडवलावर उभा आहे.

आता एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. पाथर्डीकडचा मुलगा. दोन वर्षे वर्गात त्याने तोंड उघडले नाही. तिसऱ्या वर्षी मी मागणी आणि पुरवठ्याचा सिद्धान्त पुन्हा समजावीत होतो, तेव्हा तो उभा राहिला. म्हणाला, "सर, हंगामात तोडणीला माणसं मिळत नाहीत, कारखाने माणसं शोधत फिरतात. मग त्या वेळी आमच्या आईबापाची मजुरी का वाढत नाही?" वर्ग स्तब्ध झाला. उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते. ते त्याच्या घरात होते. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच कोयता बांधला गेलेला असतो. टनामागचा दर संघटना आणि साखर संघ यांच्या करारात काही वर्षांसाठी ठरून जातो. ज्याचे श्रम आधीच गहाण पडले आहेत, तो बाजारात उभा राहून भाव करू शकत नाही. त्या दिवशी शिकविले त्याने आणि शिकलो मी.

मित्रहो, तो मुलगा तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचला म्हणून हा प्रश्न वर्गात आला. त्याच्याबरोबर प्रवेश घेतलेले कितीजण वाटेतच गळाले? दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते, ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. महाविद्यालयाचे वर्षही नेमके तेच. ज्या साखरेने उत्तरेकडच्या बागायती तालुक्यांत महाविद्यालये उभी केली, तीच साखर पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दुष्काळी तालुक्यांतील मुलांना वर्गातून उठवून फडात नेते. मुलगा आईबापांबरोबर जातो. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, किंवा मागे एकटी कशी ठेवायची म्हणून तिचे लग्न उरकले जाते. पुढे निकालाची टक्केवारी काढली जाते ती परीक्षेला बसलेल्यांची. गळालेल्यांचा हिशेब कोणीच मांडत नाही.

तो हिशेब या वर्षी तुम्ही मांडा. तुमच्याबरोबर पहिल्या वर्षाला कोण होते, आज कोण नाही आणि का नाही, याची गावनिहाय यादी करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना राज्य शासनाने २०२१ साली मंजूर केली. तुमच्या तालुक्यात तिचे काय झाले, हे जाऊन पाहा आणि यादी हातात घेऊन विचारा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, तासिका तत्त्वावर राबविल्या जाणाऱ्या अध्यापकांच्या जागी पूर्णवेळ अध्यापक नेमले जावेत, ही मागणी एकट्या अध्यापकांची नव्हे; ती तुमचीही आहे. पक्षाचे जे कार्यकर्ते येथे आहेत, त्यांनी ही यादी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी.

नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून जे नेते स्थानबद्ध होते, त्यांत आचार्य नरेंद्र देव होते. याच नगरचे अच्युतराव पटवर्धन बनारसला अर्थशास्त्र शिकवीत होते. पुढे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत ते आले आणि बेचाळीसमध्ये भूमिगत राहून लढले. विद्या त्यांना स्वतःपुरती ठेवता आली असती. त्यांनी ती ठेवली नाही.

या वर्षी तुम्ही नोकरीचे अर्ज भराल, स्पर्धा परीक्षांना बसाल. अवश्य बसा, यशस्वी व्हा. पण वर्गात शिरताना त्या रिकाम्या बाकाकडे एकदा पाहत जा. त्यावर बसणारा परत येईल तेव्हाच तुमचा आत्मविश्वास समाजाच्या कामी आला असे म्हणता येईल.