पटावरचं ‘ॲब्सेंट’

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत हजेरी सुरू असताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, की मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, ॲब्सेंट!” लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ दूर असणं. वापरात मात्र एक अट असते: जिथं असायला हवं, तिथं नसणं. ज्याचं नाव पटावरच नाही, तो ॲब्सेंट ठरत नाही.

कायदाही हे नसणं मोजतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 190 नुसार आमदार परवानगीविना 60 दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त जाहीर करू शकतं.

मुलांसाठीची मर्यादा याहून कडक आहे, आणि ते योग्यच. 6 ते 14 वयाचं मूल सलग महिनाभराहून अधिक काळ शाळेत आलं नाही, तर महाराष्ट्रात ते शाळाबाह्य समजलं जातं. दिवाळीनंतर तांड्या-वस्त्यांवरची कुटुंबं कामासाठी बाहेरगावी निघतात, तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची, सोबत जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. निघण्याआधी पालकांनी मुख्याध्यापकांकडून हे कार्ड जरूर मागून घ्यावं.