घरच्या म्हातारीचे ऋण
(किन्हीराजा येथील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



राजेरजवाड्यांच्या गोष्टी आपण रात्र रात्र ऐकतो. पण जी म्हातारी कोंबडा आरवण्याआधी उठून जात्यावर बसली, जिने स्वतः पाणी पिऊन लेकरांना भाकर दिली, तिची आठवण तेरवीच्या पत्रावळीबरोबर उचलली जाते. हा कृतघ्नपणा नव्हे तर काय? म्हणून आज एका म्हाताऱ्या माउलीचे चरित्र तुमच्यापुढे ठेवतो. ती आपल्या वऱ्हाडची नव्हे, शेजारच्या खानदेशची. पण तिची माती काळीच, पीक कापूस-ज्वारीचेच आणि दुःखही तुमच्या-आमच्या घरचेच.

बहिणाबाई चौधरी हे तिचे नाव. जळगावाजवळच्या असोदे गावी शेतकऱ्याच्या घरी ती १८८० साली जन्मली. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावी नांदायला आली. नथूजी चौधरी हे तिचे धनी. तिशीच्या सुमारास ती विधवा झाली. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन लेकरे. त्यात घराच्या वाटण्या झाल्या, आणि ओंकाराला प्लेगाने गाठून कायमचे अपंगत्व दिले. अशा वेळी भलाभला गडी कपाळाला हात लावून बसतो. बाई बसली नाही. शेत, गोठा, चूल आणि जाते या चार खुंटांना तिने संसार बांधला व तडीस नेला.

तिला लिहिता-वाचता येत नव्हते. हा दोष तिचा काय? जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ही जन्मली. तरी कुणब्याच्या पोरीपर्यंत पाटी पोचली नव्हती. पण अक्षर नाही म्हणून अक्कल नाही, असे मानणाऱ्याने या बाईकडे पाहावे. दळता दळता, निंदता निंदता तिच्या तोंडून गाणी निघत. पेरणी, मोट, खळे, घरटे विणणारे पाखरू आणि माणसाचे ओढाळ मन, हे सारे तिच्या गाण्यांत आले. सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने त्यांतली काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, म्हातारीने देह ठेवला. पुढल्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी पुस्तकरूपाने निघाली. जिला शाळेची पायरी मिळाली नाही, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले!

आता मंडळी, मनाला विचारा. टिपणारा लेक होता म्हणून ती गाणी वाचली. तरी जी टिपली नाहीत, ती गेलीच. मग आपल्या घरच्या माउल्यांचे काय? कुंभारणीने माती मळली, विणकराच्या बायकोने कांड्या भरल्या, कुणबिणीने कापूस वेचताना बोटे रक्ताळून घेतली. त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबर सरणावर चढल्या. आणि ओव्यांचे सोडा, सातबाऱ्यावर तरी त्यांचे नाव आहे काय?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मिळकतीत विधवेला मुलाइतकाच वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने लेकीलाही वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. कायदा असा बोलतो, आणि आपण काय करतो? बाप गेल्यावर महिना होत नाही तो हक्कसोडपत्र पुढे करतो आणि म्हणतो, "माय, येथे अंगठा दे." माय बिचारी विचारतसुद्धा नाही. लेकावरच्या मायेने अंगठा देते आणि स्वतःच्या घरात पाहुणी होते. मग तिचे अंथरूण ओसरीवर येते. २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना लेकरांकडून पोटगी मागता येते. पण मायला तशी दाद मागावी लागली, तर त्या घराची इज्जत ती काय राहिली?

माझे मागणे लहान आहे. वारसाची नोंद करताना मायचे नाव गाळू नका. न वाचता कोणत्याही कागदावर तिचा अंगठा घेऊ नका. घरात शाळेत जाणारे पोर असेल, तर संध्याकाळी त्याला आजीजवळ बसवा. ती सांगेल ती ओवी, पेरणीची खूण, झाडपाल्याचे औषध त्याने वहीत उतरावे. आणि हे सारे ती जिवंत असताना करा. मेल्यावर फोटोला हार घालणे सोपे. जितेपणी तिला ऊन भाकर आणि हक्काची जागा देणे, हेच खरे श्राद्ध.

इतके बोलून, येथे बसलेल्या सर्व म्हाताऱ्या माउल्यांच्या पायांवर डोके ठेवतो आणि भाषण पुरे करतो.