टेस्टरचं ऐकतं कोण?

(सक्करदरा, नागपूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सॉफ्टवेअर टेस्टिंग हा व्याख्यानमालेचा विषय कसा, असं इथे बसलेल्या काही ज्येष्ठांना वाटलं असेल. ज्यांची मुलं-सुना या कामात आहेत, त्यांनाही हे काम नेमकं काय, हे घरी कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून तुम्हा सगळ्यांना आठवत असलेल्या एका घटनेपासून सुरुवात करतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यानं सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकाच वेळी संगणकावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या पडद्यावर वाचायच्या आणि गुण तिथेच भरायचे. कल्पना चांगली होती. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. पण उत्तरपत्रिका सतरा लाखांवर होत्या, परीक्षा साडेचारशेच्या वर होत्या, आणि यंत्रणा उभी राहत होती ती परीक्षा सुरू झाल्यानंतर. प्राध्यापकांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. स्कॅनिंग मागे पडलं, उत्तरपत्रिका सापडेनाशा झाल्या. राज्यपालांनी कुलपती या नात्यानं ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. इतर विद्यापीठांची मदत घ्यावी लागली. आपल्या नागपूर विद्यापीठाच्या प्राध्यापकांनीही तेव्हा मुंबईचे पेपर तपासले. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. कायद्याच्या आणि वाणिज्य शाखेच्या किती तरी मुलांचे पुढचे प्रवेश हुकले. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते बहुतेक प्रशासनाच्या अंगानं. मी टेस्टिंगवाला आहे, म्हणून मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. कोणत्याही अनुभवी टेस्ट लीडनं, म्हणजे तपासणाऱ्या गटाच्या प्रमुखानं, ही यंत्रणा पाहून पहिल्याच दिवशी चार प्रश्न विचारले असते. दिवसाला किती पानं स्कॅन होतात? सगळे प्राध्यापक सकाळी अकराला एकदम लॉगिन करतील तेव्हा सर्व्हर टिकेल का? पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपासून सुटली, तर ती कुणाची हे कसं कळेल? आणि आधी एकाच विद्याशाखेवर, एकाच सत्रात हे करून पाहिलंय का? या चार प्रश्नांसाठी फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. विचारणारा माणूस लागतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत थांबणारं वरिष्ठ मंडळ लागतं. आपल्याकडे तुटवडा आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा. आज मला हेच सांगायचंय. टेस्टिंगमधलं नेतृत्व म्हणजे ‘हे अजून तयार नाही’ ही बातमी वरपर्यंत, वेळेत आणि पुराव्यासकट पोचवणं. हाताखाली किती माणसं आहेत, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आपण मात्र बरीच वर्षं तो संबंध लावत आलो. टीसीएस १९६८ साली मुंबईत सुरू झाली, पर्सिस्टंट १९९० साली पुण्यात. त्या काळात वेगळा टेस्टर असा फारसा नसे. ज्यानं प्रोग्राम लिहिला तोच तपासून पाही. वायटूकेनं चित्र बदललं. वर्ष दोन आकड्यांत लिहिणारे जुने प्रोग्राम २००० साल लागताच कोलमडतील, या भीतीपोटी जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांनी आपले लक्षावधी ओळींचे प्रोग्राम भारतात दुरुस्तीला पाठवले. दुरुस्त केलेली प्रत्येक ओळ तपासायची होती. तिथून पुढे तपासणी हे स्वतंत्र काम झालं. पुण्या-मुंबईत दोन-दोनशे माणसांचे टेस्टिंग विभाग उभे राहिले. टेस्टर, सीनियर टेस्टर, लीड, मॅनेजर अशी शिडी तयार झाली. विदर्भातली हजारो मुलं-मुली त्या शिडीवर चढली. नंदनवन, हिंगणा, वानाडोंगरीच्या कॉलेजांतून निघून पुण्याची बस धरणाऱ्यांपैकी कितीजणांची पहिली नोकरी टेस्टिंगची होती, हे या सभागृहातल्या घराघरांत माहीत आहे.

त्या शिडीनं पोट भरलं, घरं झाली, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण तिनं एक वाईट सवयही लावली. मॅनेजरची किंमत आकड्यांवर ठरू लागली. किती टेस्ट केस लिहिल्या, किती चालवल्या, किती बग, म्हणजे चुका, लॉग केले. हे आकडे क्लायंटला पाठवता येतात, त्यांचा तक्ता सुंदर दिसतो. ज्या ठिकाणी कुणी पाहिलंच नाही, त्या ठिकाणचा धोका मात्र तक्त्यात येत नाही. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर वापरात सोडण्याच्या, बैठकीत मी हे पुष्कळदा पाहिलंय. सगळं हिरवं असतं, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका ज्युनिअर मुलीला ठाऊक असतं की पैसे परत करण्याच्या भागाला कुणी हातच लावलेला नाही. तिला कुणी विचारत नाही. मग रिलीजला मंजुरी देणारा साइन-ऑफ होतो.

आता ती शिडीच निघाली आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१४ च्या सुमारास टेस्टिंगसाठी असलेली वेगळी इंजिनिअरची पदं विकासाच्या पदांत विलीन केली. आजच्या छोट्या स्क्रम टीममध्ये एक-दोन टेस्टर असतात, विभाग नसतो. युनिट टेस्ट डेव्हलपर स्वतः लिहितात. सेलेनियम हे साधन २००४ साली आलं आणि ब्राउझरवर तेच-ते क्लिक करण्याचं काम स्क्रिप्टकडे गेलं. गेल्या दोन-तीन वर्षांत एआय कोडही लिहून देतं आणि त्याच्या टेस्ट केसही. मिहानमध्ये काम करणारी मुलं मला विचारतात, सर, आमचं काय होणार? त्यांच्या भीतीत तथ्य आहे आणि मी ते नाकारणार नाही. फक्त दुसऱ्यानं लिहून दिलेल्या पायऱ्या चालवून पाहणं, एवढंच ज्याचं काम आहे, त्याची नोकरी जाणार आहे. हे आज इथे स्पष्ट सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

पण पुढचं वाक्यही तितकंच खरं आहे. जे साधन कोड लिहितं, त्याच साधनानं टेस्टही लिहिल्या, तर मूळ समजुतीतली चूक दोन्हीकडे सारखीच उतरते. टेस्ट पास होते आणि चूक तशीच राहते. समजुतीतली चूक यंत्राच्या तपासणीत कशी सुटते, याला २०१७ च्याच महाराष्ट्रातल्या शेतकरी कर्जमाफीचं उदाहरण घ्या. अर्ज ऑनलाइन भरून घेतले, ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली, आणि मग याद्यांत घोळ निघाला. एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती असल्याचे प्रकार समोर आले. प्रोग्राम कदाचित सांगितल्याप्रमाणेच चालत होता. बँकांकडून येणारी माहिती कशी असते, हे ठाऊक असलेल्या माणसानं ती आधी चाळून पाहायला हवी होती. उमरेड, भिवापूरकडच्या सोसायटीचा गटसचिव हे सहज सांगू शकला असता. असा माणूस शोधून टीममध्ये आणून बसवणं, हे इथून पुढच्या टेस्ट लीडचं काम. पिकाचा हंगाम, पतसंस्थेचं खातं, दवाखान्याचं बिल ज्याला कळतं, त्याचं वजन टीममध्ये वाढणार आहे.

यंत्राकडून मोठं काम करून घेणारी माणसंही आपल्याकडे आहेत. पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी प्रोग्राम गणिती पद्धतीनं तपासणारं ‘व्हेरिअ‍ॅब्स’ नावाचं साधन केलं. अशा साधनांच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात ते पहिलं आलं. आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना सेलेनियमच्या क्लासचे दर तोंडपाठ असतात, या कामाचं नाव माहीत नसतं. हे मला खटकतं.

आता अधिकाराची गोष्ट. इथल्या बुधवार बाजारात भाजीवाल्याच्या काट्यावर सरकारी शिक्का असतो. काटा भाजीवाल्याचा, पण तो बरोबर आहे हे ठरवणारा वैधमापनशास्त्राचा निरीक्षक त्याच्या पगारावर नसतो. सॉफ्टवेअरमध्ये तपासणारा बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच पगारावर असतो, आणि रिलीजची तारीख ठरवणारा साहेबच त्याचं वार्षिक मूल्यमापन करतो. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात याचं टोक दिसलं. ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली १९९९ पासून लागू झाली. तिच्या चुकांमुळे खात्यात पैसे कमी दिसत, आणि त्याचा दोष गावोगावच्या सबपोस्टमास्तरांवर आला. नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या काही माणसांना माहीत होतं. उच्च न्यायालयानं ते २०१९ मध्ये मान्य केलं, तोवर वीस वर्षं गेली होती. तिथे बग सापडला नाही असं झालं नाही. सापडलेला बग जिथे पोचायला हवा होता तिथे पोचला नाही, किंवा पोचूनही दाबला गेला.

टेस्ट मॅनेजर हे पद गेलं, याचं मला म्हणूनच फार दुःख नाही. दुःख आहे ते त्या पदाबरोबर अडवण्याची उरलीसुरली ताकदही गेली याचं. पूर्वी निदान एक माणूस साइन-ऑफला सही नाकारू शकत असे. आता ‘गुणवत्ता ही सगळ्यांची जबाबदारी’ असं म्हणतात, आणि अडचण आली की ती कुणाचीच नसते. विभाग नसला तरी चालेल, पण प्रत्येक टीममध्ये हरकत घेणाऱ्याचं नाव ठरलेलं असलं पाहिजे. त्याची हरकत लेखी नोंदवली गेली पाहिजे. ती डावलून रिलीज करायचं असेल, तर डावलणाऱ्यानं त्याखाली स्वतःची सही केली पाहिजे. याला एक कागद लागतो, खर्च काही नाही.

सरकारी खात्यांनाही हेच लागू आहे. आज सातबारा, पीकपाहणी, शिष्यवृत्ती, प्रवेश, सगळं पोर्टलवर आहे. कंत्राट देताना किंमत आणि मुदत विचारली जाते. हे पोर्टल कुणी, किती लोकांवर, कोणत्या गावात करून पाहिलं, याचा अहवाल नागरिकांसमोर ठेवण्याची अट प्रत्येक निविदेत असायला हवी. इथे बसलेल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी सभागृहात मांडावी, अशी माझी जाहीर विनंती आहे.

आणि मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुम्हाला नोकरीची गरज आहे, त्यामुळे मिळेल ती घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं ते म्हणतील, तेव्हा गप्प बसू नका. तुमच्याकडे रिलीज थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि तो शेवटचा केव्हा वापरला गेला, एवढं नक्की विचारा.