दोन तासांची सकाळ



टोरांटोहून यंग स्ट्रीटने सरळ उत्तरेला निघालं की रिचमंड हिल लागतं. तिथे १९६९ साली 'डेब्रेक' नावाची एक वस्ती सुरू झाली. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांना साथ देणारी माणसं तिथे एका घरात राहतात, एका टेबलाशी जेवतात. 'लार्श' चळवळीचं हे उत्तर अमेरिकेतलं पहिलं घर. लार्श हा फ्रेंच शब्द. आपल्या मराठी शास्त्रात नोहाचं जे तारू आहे, तेच हे.

या तारवात १९८६ च्या ऑगस्टमध्ये हेन्री नाउवेन राहायला आले. मूळचे डच, कॅथोलिक धर्मगुरू, मानसशास्त्र शिकलेले. येल आणि हार्वर्डमध्ये त्यांनी शिकवलं होतं आणि प्रार्थनेवरची त्यांची पुस्तकं देशोदेशी वाचली जात होती. डेब्रेकमध्ये त्यांच्या वाट्याला काम आलं ते ॲडम आर्नेटचं. ॲडम पंचविशीच्या आसपासचा होता. त्याला बोलता येत नव्हतं, आधाराशिवाय चालता येत नव्हतं, आणि अपस्माराचे झटके येत. त्याला उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, दात घासायचे, कपडे घालायचे, न्याहारीला बसवायचं. यात जवळजवळ दोन तास जात.

नाउवेन सुरुवातीला घाबरून गेले होते. हा पडला तर? याला झटका आला तर? मग हात सरावले, आणि सरावाबरोबर घाई आली. पुढची कामं डोक्यात ठेवून ते ॲडमचे हात भराभर बाह्यांत घालू लागले, की ॲडमला मोठा झटका येई. नाउवेन यांनी त्याचा अर्थ असा लावला की, हा मला सांगतोय, हळू घे, तू इथे नाहीस. वैद्यकशास्त्र याला काय म्हणेल, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. सारं आयुष्य शब्दांवर जगलेला एक विद्वान दुसऱ्याच्या शरीराचं म्हणणं ऐकू लागला, हे मला फार मोठं वाटतं. पुढे तर ते ॲडमला आपला मित्र, आपला गुरू म्हणू लागले.

मी हे पुस्तकातून शिकले असते तर विसरूनही गेले असते. पण माझ्या आईला इथे ब्रॅम्प्टनमध्ये अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. आम्ही नगरचे. आई मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिली की पाळकांना घड्याळ बघावं लागायचं, इतकी बोलकी. ड्यूटीवर जाण्याआधी मी तिला पेज भरवत असे. एक डोळा बसच्या वेळेवर. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. मी म्हणायची, "आई, तोंड उघड ना गं, उशीर होतोय." ती माझ्याकडे बघत राहायची. तिला भूक नाही असं मी डॉक्टरांनाही सांगितलं. एका रविवारी मला कुठे जायचं नव्हतं, मी पलंगाच्या कडेला निवांत बसले, आणि आईने वाटीभर पेज संपवली.

त्या दिवसापासून प्रार्थनेचा माझा सूर बदलला. तोवर मी देवापुढे यादी वाचायची, आमेन म्हणायची आणि उठायची. देव बोलत नाही अशी तक्रारही करायची. बोलणाऱ्याला मी किती वेळ दिला होता?

शास्त्रात शमुवेलाला हाक ऐकू येते, तेव्हा तो तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावतो. हाक खरी होती, पण ती कोणाची हे त्या पोराला कळत नव्हतं. ते सांगितलं एलीने, ज्याची दृष्टी मंद झाली होती. आणि होरेब डोंगरावरचा एलीया आठवा. वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर जे येतं, त्याला मूळ इब्री भाषेत शांततेचाच बारीक आवाज म्हटलं आहे. तो कानी पडताच एलीया झग्याने तोंड झाकून घेतो आणि गुहेच्या दाराशी जाऊन उभा राहतो. देव आधी विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारतो तो त्यानंतर. त्याआधीच्या त्या क्षणी दोघांमध्ये जे घडतं ते निःशब्द.

इथे एक कडू गोष्ट सांगणं मला भाग आहे. ज्या ज्याँ व्हानिये यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये लार्श सुरू केलं, ते कॅनडाच्या एका गव्हर्नर जनरलचे चिरंजीव. जग त्यांना जिवंतपणी संत मानत होतं. २०१९ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी लार्शनेच करवलेल्या चौकशीत उघड झालं की, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. तेव्हा 'देवाने मला सांगितलं' असं कुणी तुम्हाला म्हणालं, तर त्या वाक्याचा फायदा कुणाला होतोय ते आधी बघा. दुर्बळाला दाबणारा आवाज देवाचा नाही, बोलणारा कितीही मोठा असो. ॲडमने कधी कुणावर देवाच्या नावाने हुकूमत गाजवली नाही. त्याच्याजवळ द्यायला फक्त त्याचं असणं होतं.

नाउवेन यांनाही सगळं काही सापडलेलं नव्हतं. डेब्रेकला आल्यानंतर वर्ष-सव्वा वर्षातच ते मनाने पार कोसळले आणि १९८७ च्या अखेरीपासून सुमारे सहा महिने विनिपेगमध्ये राहिले. त्या अंधारात लिहिलेल्या टिपणांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. प्रेमाचा आतला आवाज, असं काहीसं त्याच्या नावाचं मराठी होईल. विनिपेगहून ते परतले ते पुन्हा डेब्रेकलाच. १९९६ च्या फेब्रुवारीत ॲडम गेला, सप्टेंबरात नाउवेन गेले. ॲडमवरचं त्यांचं पुस्तक दोघांच्या पश्चात, १९९७ मध्ये, छापून आलं.

ऐकणं हे फक्त कानांचं काम नाही, हे जाणवतं तेव्हा मला आपल्या पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. कानांनी कमी ऐकू येई, म्हणून ते राहून गेलं. त्याच वर्षी वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मंद कानांच्या याच बाईने पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुलींना जवळ केलं आणि अखेरच्या वर्षांत सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं.

माझी आई त्या रविवारनंतर तीन हिवाळे होती. संध्याकाळी मी 'उपासना संगीत' उघडून नारायण वामन टिळकांचं एखादं गीत म्हणायची. तिला शब्द येत नसत. पण डाव्या हाताची दोन बोटं पांघरुणावर ताल धरायची आणि माझी लय चुकली की थांबायची. मग मी मागे जायची, ती ओळ सावकाश पुन्हा म्हणायची, आणि बोटं पुन्हा सुरू व्हायची.