परत या, पण गॅदरिंगला नको



आधी एक कामाची गोष्ट. आज हातात पडेल ते पदवी प्रमाणपत्र घरी जाऊन लगेच लॅमिनेट करू नका. उद्या परदेशी जायचं झालं तर साक्षांकनाचा शिक्का त्याच कागदावर मारावा लागतो, आणि प्लास्टिकवर तो बसत नाही. बाकी माझं भाषण विसरलात तरी चालेल.

अशा समारंभात पाहुण्यानं पुढच्या आयुष्याबद्दल बोलावं अशी रीत आहे. मी मागच्याबद्दल बोलणार आहे, कारण थोड्याच दिवसांत तुम्हाला कॉलेजची आठवण छळायला लागेल आणि त्याची तयारी कुणी करून घेत नाही. आज तसं काही होणार नाही. आज फोटो आहेत, जेवण आहे. आठवण येईल एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारी चारला. तुम्ही हिंजवडीतल्या ऑफिसात असाल, नाहीतर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं उघडून बसलेले असाल. चहा प्यावासा वाटेल आणि सोबत कुणीतरी हवं म्हणून मेसेज टाकावा लागेल, 'आहेस का मोकळा?' इथे हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. कट्ट्यावर गेलं की कुणीतरी असायचंच. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची जर्नल पाच जणांत फिरायची, आणि त्यासाठी मैत्री असावी लागत नव्हती, रोल नंबर जवळ असला तरी पुरे. न ठरवता मिळणारी ही सोबत इथून पुढे फार कमी ठिकाणी मिळते. आठवण येते ती तिची. इमारतीची फारशी नाही.

आठवणींच्या या दुखण्यावर पहिला प्रबंध लिहिणारा योहानेस होफर स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी होता. 1688 साली बाझेलमध्ये त्यानं मुलुखाबाहेर राहणाऱ्या स्विस लोकांच्या घरओढीवर लिहिलं आणि तिला चक्क आजार ठरवलं. उपाय सरळ होता: रोग्याला घरी पाठवा. पुढे शंभरएक वर्षांनी, 1798 मध्ये, इमॅन्युएल कांटनं या उपायाबद्दल एक खोचक निरीक्षण नोंदवलं. माणसं गावी परत जातात, तिथे त्यांचा अपेक्षाभंग होतो, आणि त्या अपेक्षाभंगानंच ती बरी होतात. त्यांना गाव बदलल्यासारखं वाटतं; खरं तर हवं असतं ते तिथे घालवलेलं तरुणपण, आणि ते काही परत आणता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की जरूर परत या, पण गॅदरिंगला किंवा माजी विद्यार्थी मेळाव्याला येऊ नका. तिथे सगळे नटून आलेले असतात आणि पगाराच्या गोष्टी निघतात. एखाद्या बुधवारी, लेक्चर चालू असताना या. तुमच्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं असेल, कॅन्टीनमधला नवा मुलगा तुम्हाला ओळखणार नाही, गेटवर ओळखपत्र मागतील. थोडं लागेल. लागू द्या.

'कॉलेजचे दिवस म्हणजे आयुष्यातले सोन्याचे दिवस' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक लग्नात एखादा काका ऐकवेल. माझा त्यावर विश्वास नाही. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर निघतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. एक कारण असं देतात की या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि पहिल्या गोष्टी पक्क्या राहतात. म्हणजे हे दिवस जास्त आठवतील, पण म्हणून ते जास्त सुखाचे होते असं ठरत नाही. एटीकेटीची भीती, मेसची पातळ आमटी, कॉट बेसिसवरच्या खोलीत चार जणांचे घामट कपडे, हेही तेव्हाचंच आहे.

आणि हे दिवस सगळ्यांचे सारखे नव्हते. या सभागृहात असे काही जण आहेत, जे पहाटेच्या एसटीनं पास काढून यायचे आणि शेवटचं लेक्चर सोडून परतीची गाडी पकडायचे. काही जण 'कमवा आणि शिका'मध्ये ग्रंथालयात पुस्तकं लावत होते, तेव्हा बाकीचे टपरीवर कटिंग पीत होते. कित्येक मुलींसाठी वसतिगृहाचं गेट अशा वेळी बंद व्हायचं, जेव्हा नाटकाची तालीम कुठे रंगात यायची. यांच्या वाट्याला कट्टा आलाच नाही. दहा वर्षांनी ग्रुपवर 'काय दिवस होते यार' असं कुणी लिहील आणि त्यांतले काही जण गप्प राहतील. त्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्हाला कळावा म्हणून आजच सांगून ठेवतो.

कॉलेजातल्या गप्पांचं पुढे काय होऊ शकतं, याचं उदाहरण याच पुण्यात आहे. टिळक आणि आगरकर दोघेही 1856 च्या जुलैतले. 1879 च्या सुमारास डेक्कन कॉलेजात एक कायद्याचा अभ्यास करत होता, दुसरा एम.ए.चा. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे त्यांचं तिथल्या चर्चांतून ठरलं. अशी बोलणी दर वर्षी शेकडो खोल्यांत होतात. यांचं वेगळेपण हे की 1 जानेवारी 1880 रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांसोबत, न्यू इंग्लिश स्कूल खरोखर सुरू झालं. तेव्हा दोघे तेवीस वर्षांचे होते, तुमच्याहून एक-दोन वर्षांनी मोठे. मग केसरी वृत्तपत्र, डोंगरीच्या तुरुंगातले 101 दिवस, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. जुने दिवस आठवत बसायला त्यांना उसंत नव्हती, कारण कॉलेजातलं बोलणं अजून संपलेलंच नव्हतं.

पुढचा भाग आपण शाळेत घाईनं उरकतो. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून दोघांचं बिनसलं. आगरकरांनी केसरी सोडला आणि 1888 मध्ये सुधारक काढला. 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. लेखणीनं दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. 1895 च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा ते एकोणचाळीसचेही नव्हते. केसरीतला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो लिहिताना टिळकांना अश्रू आवरेनात, असं सांगतात. भांडण मिटलेलं नव्हतं.

तुमच्यातही अशी भांडणं आहेत. सेकंड इयरच्या एकांकिकेत भूमिका कुणाला मिळाली, जीएसच्या निवडणुकीत कुणी कुणाला मत दिलं नाही, प्रोजेक्टवर नाव कुणाचं आधी लागलं. अबोला धरलेली ती व्यक्ती आत्ता याच सभागृहात बसलेली आहे. समारंभ संपल्यावर गाऊन परत करायला दोघांना एकाच रांगेत उभं राहायचं आहे, आणि ती रांग बऱ्यापैकी मोठी असते.