साखळीवरचे खिळे

जुन्या कॉम्प्युटर प्रिंटरच्या छपाईवरून फॉन्ट करायचा म्हटलं की बरेच जण एक सोपी वाट धरतात. नीट आखलेल्या अक्षरांच्या कडा कुरतडायच्या, इथेतिथे शाईचे डाग टाकायचे आणि अक्षरं ओळीवर थोडी वरखाली नाचवायची. मला ही वाट मान्य नाही. का, ते एकाच यंत्रावरून सांगतो: आयबीएमचा १४०३.

हा प्रिंटर १९५९ साली १४०१ कॉम्प्युटरसोबत आला. एका ओळीत १३२ अक्षरं, आणि मिनिटाला ६०० ओळी. कागदासमोर छपाईच्या खिळ्यांची साखळी सायकलच्या चेनसारखी आडवी फिरत राहायची. तिच्यावर २४० खिळे असत, म्हणजे ४८ खिळ्यांचे पाच संच: २६ मोठी रोमन अक्षरं, १० अंक, १२ चिन्हं. कागदामागे प्रत्येक जागेला एक, अशा १३२ हातोड्या. हवा तो खिळा समोर आला की हातोडी मागून कागदावर बसे आणि कागद रिबनसकट खिळ्यावर दाबला जाई. खिळा थांबत नसे, धावता धावताच छापत असे.

आता हातोडी किंचित लवकर किंवा उशिरा पडली तर? खिळा आडवा धावतोय, तेव्हा अक्षर डावीउजवीकडे सरकेल, वरखाली होणार नाही. त्या काळच्या ड्रम प्रिंटरमध्ये अक्षरं फिरत्या नळकांड्यावर असत आणि कागदासमोरून उभी सरकत. तिथे वेळ चुकली की अक्षर वर तरी जाई नाहीतर खाली, आणि ओळ नागमोडी दिसे. दोन अक्षरांमधलं अंतर थोडं कमीजास्त झालेलं डोळा चालवून घेतो, उभा फरक मात्र लगेच खटकतो. १४०३ची छपाई नावाजली गेली, त्यात या आडव्या चालीचा वाटा मोठा. त्याच्या नावानं फॉन्ट काढून त्यात अक्षरं नाचवणं हा त्या यंत्रावर अन्याय आहे.

मापही यंत्राकडूनच घ्यावं. इंचाला १० अक्षरं, ६ ओळी. इंचाचे ७२ पॉइंट, म्हणजे ओळ १२ पॉइंटांची आणि अक्षराचं घर ७.२ पॉइंटांचं. ओळीच्या उंचीइतका फॉन्टचा चौकोन १००० एककांचा धरला की घराची रुंदी बरोबर ६०० येते. ती बदलू नये. एवढ्याच जागेत सडपातळ ‘आय’ला डोक्यापायाशी आडव्या पट्ट्या देऊन घर भरायचं आणि ‘डब्ल्यू’ला अंग चोरायला लावायचं. ‘डब्ल्यू’चे सांधे शाईनं बुजतात, म्हणून त्याच्या रेघा थोड्या बारीक हव्यात.

मूळ आकार शोधायचा तर एकाच अक्षराचे पुष्कळ ठसे एकावर एक ठेवून पाहावेत. रिबनची वीण दर ठशात वेगळी उमटते. सगळ्यांत सारखं राहतं ते धातूचं वळण. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं १४०१ दुरुस्त करून चालू केला आहे, त्यामुळे या प्रिंटरचे ताजे ठसेही मिळू शकतात. साखळीवरच्या त्या ४८ खिळ्यांमध्ये लहान रोमन लिपी नव्हती. ती मनानं रचण्याआधी याच प्रिंटरसाठी पुढे निघालेला १२० चिन्हांचा संच पाहावा. त्यात ती आहे.

मग देवनागरी? साखळी तिला मानवली नसती. साखळीची चूक आडवी, आणि आपल्याला तर शिरोरेघ सलग हवी. फट पडली की शब्द तुटणार. शिवाय वेलांटी, उकार, रफार यांना वरखाली जागा हवी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात टाचण्यांची उभी रांग असते. तिथे एकच टाचणी ओळभर ठिपके मारत जाते आणि शिरोरेघ सरळ उमटते. म्हणून आपल्या लिपीत असा फॉन्ट करणाऱ्यानं १४०३ सोडून टाचण्यांकडे जावं. ‘र’ला एक घर द्यावं. ‘क्ष’ला बिनदिक्कत दोन द्यावीत, कारण एका घरात कोंबलेला ‘क्ष’ लहान आकारात वाचता येत नाही.