वैद्यकीय अध्यापकांचे प्रशिक्षण आणि नवी साधने



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर विचार मांडण्याची संधी मिळाली, याबद्दल मी ऋणी आहे.

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. डॉक्टर होण्याचे स्वप्न उराशी बाळगून कितीतरी मुले लातूर आणि नांदेड येथे शिकावयास येतात. प्रवेश निश्चित झाला की घरोघरी पेढे वाटले जातात. मात्र पुढे त्या मुलास जे शिकविणार, त्यांना शिकविण्याची कला कोणी शिकविली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शाळेतील शिक्षकास डी.एड., बी.एड. करावे लागते, वैद्यकीय प्राध्यापकास तशी पदवी लागत नाही. निष्णात शल्यचिकित्सक हा उत्तम शिक्षक असेलच, असे नव्हे.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये, तर लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. खडू-फळ्यानंतर वर्गांत संगणक आणि प्रोजेक्टर आले. पण पुष्कळदा फळ्यावरचा मजकूर पडद्यावर गेला, एवढेच घडले. २००९ पासून भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या प्रशिक्षणास राष्ट्रीय स्वरूप दिले. २०१९ च्या नियमावलीने व्याख्यानांचा वाटा वेळापत्रकाच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा, असे सांगितले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कधीही कॅमेऱ्यासमोर न शिकविलेल्या प्राध्यापकांनाही ऑनलाइन वर्ग घ्यावे लागले. यंत्र चालविता येणे निराळे आणि त्याच्या साहाय्याने शिकविता येणे निराळे, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले. २०२२ च्या पात्रता नियमांत सहयोगी प्राध्यापकपदासाठी वैद्यकीय अध्यापनाचा मूलभूत अभ्यासक्रम आवश्यक ठरला.

या प्रशिक्षणाने काय साधते, ते एका उदाहरणाने सांगतो. हृदयाच्या झडपेचा दोष शिकवावयाचा आहे. प्रशिक्षित अध्यापक त्या ध्वनीचे मुद्रण विद्यार्थ्यांना आदल्या दिवशीच ऐकावयास देतो. वर्गात तो प्रश्न विचारतो. मुले मोबाइलवर उत्तरे नोंदवितात. निम्मे चुकले असे दिसले, तर तो पुढे न जाता तेथेच थांबून पुन्हा समजावितो. त्यानंतर सराव मानवी पुतळ्यावर आणि अखेरीस स्टेथोस्कोप रुग्णाच्या छातीवर.

ही अखेरची पायरी गळता कामा नये. किनवट-माहूरच्या डोंगरातून आलेली आदिवासी माता किंवा देगलूरच्या सीमेवरचा तेलुगू वळणाची मराठी बोलणारा शेतकरी आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतो, हे पडद्यावर शिकता येत नाही. शिवाय, रुग्णाचे छायाचित्र मोबाइलवर टिपणे आज फार सोपे झाले आहे. त्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, त्याची ओळख झाकावी, हा विवेक शिक्षकाने स्वतःच्या आचरणातून द्यावयाचा आहे.

समाज वैद्यकीय कार्यास उदार हस्ते साहाय्य करतो. यंत्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, फलक लागतो. अध्यापकाच्या प्रशिक्षणास यांपैकी काहीच लाभत नाही. माझी नम्र विनंती एवढीच की, यापुढे एखाद्या महाविद्यालयास यंत्र देताना, त्यावर शिकविणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची काय व्यवस्था आहे, हेही आपण विचारावे आणि देणगीचा काही अंश त्यासाठी राखावा. उद्या आपल्याच घरातील कोणी त्या खाटेवर असेल. समोरच्या तरुण डॉक्टरास कोणी नीट शिकविले होते, याचे मोल तेव्हा कळेल.